गाणे कोणी रचले, हेही छापावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील सालसा नृत्यावरचा लेख आवडला. मराठी वाचकासाठी कोणी या विषयावर पानभर मजकूर लिहिला याचे समाधानही वाटले. परंतु त्यातील दोन वाक्ये मनात अडकून राहिली, म्हणून हे पत्र. एके ठिकाणी जॉनी पाचेको यांचा उल्लेख ‘फानिया या रेकॉर्ड कंपनीचे एक मालक’ एवढाच आला आहे आणि त्याच्या खालच्याच परिच्छेदात ‘मी हेन्ते’ हे ‘हेक्टर लावो यांचे गाणे’ असल्याचे म्हटले आहे. ही विधाने चुकीची म्हणता येणार नाहीत, पण ती अपुरी आहेत. ‘मी हेन्ते’ लावो यांनी गायले आणि घरोघरी पोहोचवले हे खरेच. पण ते रचले पाचेको यांनी, म्हणजे लेखात ज्यांना केवळ मालक म्हटले आहे त्यांनीच. कंपनी चालवणारा आणि गाणे रचणारा हा एकच माणूस होता, हे ध्यानात घेतल्याखेरीज न्यूयॉर्कमधल्या लॅटिन संगीताची १९६० ते १९८० ही वीस वर्षे कळत नाहीत, असे मला वाटते.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार तो काय, हे आधी सांगतो. मी पंचेचाळीस वर्षे तबला वाजवत आणि शिकवत आलो आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकणारी एक मुलगी संध्याकाळी सालसाच्या वर्गालाही जात असे. तिने एक दिवस विचारले, “सर, तिथे ‘क्लावे’ म्हणतात ते आपल्या ठेक्यासारखेच असते का?” मला उत्तर येत नव्हते. तिने मोबाइलवर एक ध्वनिमुद्रण लावले. पितळी वाद्ये आणि ढोल यांच्या खाली दोन लाकडी दांडक्यांचा कोरडा टकटक आवाज एकसारखा चालला होता; तोच क्लावे. तो मी बोटांवर मोजू लागलो, आणि दोन आवर्तनांत लक्षात आले की हे सोळा मात्रांत सहज बसते. वाचकांनीही करून पाहावे. तीनताल मोजतो तशा सोळा मात्रा मोजाव्यात आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्यावी. पहिल्या अर्ध्यात तीन टाळ्या येतात, दुसऱ्या अर्ध्यात दोन. पुढे तेराव्या मात्रेपासून पुन्हा समेपर्यंत जी मोकळी जागा राहते, तीत पाय आपोआप उचलला जातो. सगळा वाद्यवृंद या पाच टाळ्यांना बांधलेला असतो. पियानोवाला, कंत्राबास हे उभे, खर्जातले तंतुवाद्य वाजवणारा, गायक यांच्यापैकी कोणी त्या सोडून गेला, की जाणकार श्रोता लगेच मान हलवतो, आपल्याकडे सम चुकली की बैठकीत हलते तशी. त्या दिवशी ऐकलेले ध्वनिमुद्रण पाचेको यांचे होते. तेव्हापासून या माणसाविषयी जे मिळेल ते मी वाचत आणि ऐकत आलो आहे.

पाचेको यांचा जन्म २५ मार्च १९३५ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातील सान्तियागो या शहरात झाला. वडील राफाएल अझारियास पाचेको क्लॅरिनेट वाजवत आणि ‘सान्ता सेसिलिया’ नावाचा वाद्यवृंद चालवत. घरात वाद्ये होतीच आणि शेजारच्या क्युबाचे संगीत कानावर पडत होते. १९४६ मध्ये, त्रुहियो यांच्या हुकूमशाहीच्या काळात, हे कुटुंब न्यूयॉर्कला गेले. जॉनी तेव्हा अकरा वर्षांचे होते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या भागात वाढताना अकॉर्डियन, व्हायोलिन, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट आणि बासरी अशी वाद्ये त्यांनी हाताळली, आणि जुलियार्ड या प्रख्यात संस्थेत तालवाद्यांचे शिक्षण घेतले. शाळेत इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगचे व्यवसाय शिक्षणही झाले होते. पण त्या कामात मिळणारा पगार पाहून त्यांनी तो मार्ग सोडला. पुढे तितो पुएन्ते, पेरेस प्रादो अशा मोठ्या वाद्यवृंदप्रमुखांकडे त्यांनी तालवाद्ये वाजवली आणि १९५९ मध्ये पियानोवादक चार्ली पाल्मिएरी यांच्या ‘दुबोने’ या चारांगात बासरीवादक म्हणून आले. चारांगा म्हणजे क्युबातल्या पद्धतीचा, बासरी आणि व्हायोलिनवर उभा असलेला वाद्यवृंद. बासरी त्यात वरच्या सप्तकात, पाखरासारखी सगळ्यांच्या डोक्यावरून फिरत असते. १९६० मध्ये पाचेको यांनी स्वतःचा चारांगा उभा केला. आलेग्रे या ब्राँक्समधील लहानशा कंपनीने त्यांची पहिली लाँगप्ले काढली आणि वर्षभरात तिच्या लाखभर प्रती खपल्या. त्या वस्तीतल्या स्पॅनिश भाषक श्रोत्यांपुरत्या धंद्यात हा आकडा फार मोठा होता.

इथे खरे तर त्यांचे आयुष्य सुखाने चालू राहिले असते. पण वादक यशस्वी झाला की त्याला एक प्रश्न पडतोच, की तबकडी इतकी खपली, मग माझ्या हाती किती आले? पाचेको यांनी त्या प्रश्नाचे उत्तर स्वतःची कंपनी काढून दिले. जेरी मसुची हे इटालियन वंशाचे वकील, त्याआधी न्यूयॉर्कच्या पोलीस दलात नोकरी केलेले; ते पाचेको यांच्या घटस्फोटाचे काम पाहत होते. या दोघांनी १९६४ मध्ये फानिया रेकॉर्ड्सची पहिली तबकडी बाजारात आणली. ‘कान्योनासो’, म्हणजे तोफेचा गोळा, हे तिचे नाव. तिचा क्रमांक ३२५ आहे. अमेरिकी पद्धतीने महिना आधी लिहिला तर पाचेको यांची जन्मतारीखही तीच होते, ३/२५. त्या तबकडीवर क्युबातील रेइनाल्दो बोलान्यो यांचे ‘फानिया’ नावाचे एक गाणे होते, त्यावरूनच कंपनीचे नाव पडले. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिच्याकडे परत यावे लागणार आहे.

सुरुवातीला वितरणाची कसलीही व्यवस्था नव्हती. हार्लेमच्या स्पॅनिश भाषक वस्तीत आणि ब्राँक्समध्ये हे लोक मोटारीच्या डिकीत तबकड्यांची खोकी भरून दुकानोदुकानी फिरत. हे चित्र मला फार जवळचे वाटते. डिकी उघडी आहे, आत पुठ्ठ्याची खोकी आहेत आणि आतल्या तबकडीवर ज्याची बासरी वाजते तोच माणूस दुकानदाराशी हिशेब करतो आहे. बाजारात कोणते गाणे उचलले जाते, कोणत्या कडव्याला दुकानातले गिऱ्हाईक थबकते, हे त्याला कचेरीत बसून आलेल्या अहवालातून कळत नव्हते, रस्त्यावर उभे राहून कळत होते.

या तबकडीसोबत त्यांनी आणखी एक धाडस केले. ज्या बासरी-व्हायोलिनच्या चारांगाने त्यांना नाव आणि पैसा दिला, तो त्यांनी बाजूला ठेवला आणि दोन ट्रम्पेट, पियानो, कंत्राबास आणि कोंगा, बोंगो ही हाताने वाजवायची चर्मवाद्ये असा ‘कोन्हुन्तो’ म्हणजे ताफा बांधला, क्युबातील सोनोरा मातान्सेरा या जुन्या वाद्यवृंदाच्या वळणावर. गायनाला पीट ‘एल कोन्दे’ रोद्रीगेस यांचा भरदार आवाज घेतला. खपणारा माल सोडून दुसरा माल मांडणे कोणत्याही दुकानदाराला वेडेपणा वाटेल. पाचेको यांना मात्र ऐकू येत होते की नृत्यगृहातल्या तरुणांना आता जोरकस, पितळी, अंगावर येणारा आवाज हवा आहे.

हाच कान त्यांनी इतरांसाठीही वापरला. फानियाने सुरुवातीलाच करारबद्ध केलेले पियानोवादक लॅरी हार्लो हे ब्रुकलिनमधल्या ज्यू कुटुंबातले. लोक त्यांना प्रेमाने ‘अद्भुत ज्यू’ म्हणत. १९६७ मध्ये ब्राँक्सचा एक सतरा वर्षांचा ट्रॉम्बोनवादक, विली कोलोन, पहिली लाँगप्ले करत होता. पाचेको यांनी त्याला हेक्टर लावो यांचे नाव सुचवले. प्युर्टो रिकोच्या पोन्से गावातून आलेला हा पोरगा नाकात गायचा, पण शब्द असा फेकायचा की ऐकणाऱ्याला तो आपल्याच गल्लीतला वाटावा. कोलोन आणि लावो ही जोडी पुढे किती गाजली, हे आपल्या लेखात आलेच आहे. ती जुळली कोणाच्या सांगण्यावरून, हे मात्र त्यात आलेले नाही. सेलिया क्रूस यांची गोष्ट तशीच आहे. सोनोरा मातान्सेरासोबत गाऊन क्युबात कीर्तीच्या शिखरावर असलेल्या या गायिकेने १९६० मध्ये मायदेश सोडला, तो कायमचा. अमेरिकेत काही वर्षे त्यांच्या तबकड्यांना म्हणावा तसा उठाव नव्हता. १९७४ मध्ये पाचेको यांनी त्यांच्यासोबत ‘सेलिया आणि जॉनी’ ही लाँगप्ले केली आणि त्यातल्या ‘किंबारा’ने त्यांना नव्या पिढीपुढे आणून उभे केले. लहानपणी ज्या वाद्यवृंदाचे गाणे ऐकत मोठे झालो, त्याच वाद्यवृंदाच्या गायिकेला तिच्या जुन्या वळणाचा साज परत द्यावा, ही कल्पना जमाखर्च पाहणाऱ्याला सुचणारी नव्हे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने पुढे ही तबकडी राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात घेतली.

मराठी वाचकाला अशा माणसाची ओळख नाही असे नाही. ‘रानारानात गेली बाई शीळ’ गाणारे जी. एन. जोशी वकिलीचे शिक्षण घेतलेले होते, भावगीतगायक होते आणि १९३८ पासून त्यांनी एच. एम. व्ही.मध्ये ध्वनिमुद्रणाची जबाबदारी सांभाळली. कितीतरी थोर गायक-वादकांना मायक्रोफोनपुढे आणण्याचे श्रेय त्यांचे आहे. स्वतः गाणारा माणूस त्या खुर्चीत असला की समोरच्या कलावंताचा संकोच ओळखतो, त्याला वेळ देतो. एवढे साम्य सांगून मी थांबतो, कारण जोशी कंपनीच्या नोकरीत होते आणि पाचेको भागीदार होते. हा फरक फार मोठा आहे.

पाचेको यांच्यातला कंपनीचालक आणि रचनाकार एकाच जागी पाहायचे असतील, तर २६ ऑगस्ट १९७१ ची रात्र ऐकावी. मॅनहॅटनमधील ‘चीता’ या नृत्यगृहात त्या रात्री ‘फानिया ऑल स्टार्स’ जमले होते. कंपनीशी करार असलेल्या वाद्यवृंदांचे प्रमुख आणि गायक यांचा एकत्र ताफा तीन वर्षांपूर्वीच बांधला होता आणि त्याचे संगीत दिग्दर्शक पाचेकोच होते. लिऑन गॅस्ट यांनी त्या रात्रीचे चित्रीकरण केले आणि त्याचा चित्रपट झाला. पाचेको आणि बॉबी व्हॅलेन्तिन यांनी रचलेले ‘कीताते तू’ हे गाणे त्या रात्रीचे आहे. त्याच्या धृपदाचा अर्थ एवढाच, की तू हो बाजूला, आता मला उभे राहू दे. झीलकऱ्यांनी झील धरावी तसे सगळे मिळून हे धृपद म्हणतात आणि एकेक गायक पुढे येऊन त्यावर आपली उत्स्फूर्त ओळ जोडतो, आधीच्याला कोपरखळी देतो, स्वतःची फुशारकी मारतो आणि पुढच्याला जागा करून देतो. चेओ फेलिसियानो येतात, इस्माएल मिरान्दा येतात, लावो येतात, पीट रोद्रीगेस येतात. ज्याने आपल्याकडे फडावरचे सवाल-जवाब ऐकले आहेत, त्याला या गाण्याची गंमत समजावून सांगावी लागत नाही. पंधरा मिनिटांहून अधिक वेळ हे चालते आणि कंटाळा येत नाही.

मी हे गाणे किती वेळा ऐकले त्याची गणती नाही, आणि दर वेळी मला वाटते की रचनाकाराने इथे कंपनीचे सगळे धोरणच गाण्यात बसवले आहे. एका छताखाली सात-आठ मोठे गायक आहेत, प्रत्येकाला आपण थोरला असे वाटते. त्यांना भांडू द्यायचे, पण तालात. प्रत्येकाला आपली वेळ मिळणार याची खात्री द्यायची आणि श्रोत्याला एका तिकिटात सगळ्यांची ओळख करून द्यायची. पाचेको स्वतः त्या गाण्यात मधोमध उभे राहून हाताने खुणा करत ताफा सांभाळतात. स्वतःसाठी जागा राखण्याचा मोह त्यांना होत नाही. रचना करताना इतरांच्या आवाजासाठी एवढी मोकळी जागा सोडणे ही मला त्यांची सर्वांत मोठी कला वाटते.

त्यानंतरच्या घटना आपल्या लेखात आहेत, म्हणून धावता उल्लेख करतो. २४ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर याच ताफ्याच्या कार्यक्रमाला चाळीस हजारांहून अधिक लोक जमले, आणि रे बारेतो व मोंगो सान्तामारिया यांची कोंगावरची जुगलबंदी रंगात आली तेव्हा लोकांनी अडथळे ओलांडून मैदानात धाव घेतली. कार्यक्रम तिथेच थांबवावा लागला. यँकी स्टेडियमच्या नावाने निघालेल्या तबकडीचा काही भाग प्युर्टो रिकोतील सान हुआनच्या कार्यक्रमात ध्वनिमुद्रित झालेला आहे, हे लेखात यायला हवे होते. १९७४ च्या सप्टेंबरमध्ये, अली आणि फोरमन यांच्या मुष्टियुद्धाच्या निमित्ताने, हाच ताफा आफ्रिकेतील काँगोच्या राजधानीला, किन्शासाला गेला. क्युबाच्या जुन्या तबकड्या काँगोमध्ये आधीच पोहोचल्या होत्या आणि तिथल्या रुंबा या नृत्यसंगीतावर त्यांचा ठसा होता. त्यामुळे भाषा वेगळी असली तरी श्रोत्यांच्या कानाला त्या रात्रीचा ताल नवा नव्हता.

आता ‘मी हेन्ते’विषयी. या शब्दांचा अर्थ ‘माझी माणसे’. लावो यांच्या १९७५ च्या ‘ला वोस’ या पहिल्या स्वतंत्र लाँगप्लेवर हे गाणे आहे. कोलोन यांच्या ताफ्यातून बाहेर पडल्यावर एकट्याच्या नावावर आलेली ही त्यांची पहिली तबकडी. अशा वेळी गायकाला कशाची गरज असते, हे पाचेको यांनी ओळखले. त्यांनी त्याला श्रोत्यांना हाक मारायला लावले. धृपदात माझ्या माणसांनी गावे एवढीच मागणी आहे; आणि गायक ओळ टाकतो, समुदाय ती उचलतो, गायक पुन्हा नवी ओळ टाकतो. कीर्तनकार टाळकऱ्यांकडे पाहून अभंगाचे धृपद सोडून देतो आणि सगळी सभा ते घेते, तेव्हा मंडपात जे घडते तेच इथे घडते. लावो यांचे पुढचे आयुष्य फार दुःखाचे झाले, पण या गाण्यावर लोकांनी त्यांना आपले मानले ते कायमचे. गळा लावो यांचा होता, पण त्या गळ्याला लोकांच्या स्वाधीन करण्याची युक्ती रचनाकाराची होती. दीडशेहून अधिक रचना करणाऱ्या माणसाची ही सर्वांत गाजलेली रचना, आणि तिच्याच खाली त्याचे नाव येत नाही, हे मला खटकते.

इथपर्यंत मी त्यांची बाजू मांडली. पण पत्र इथेच संपवले तर ते अर्धे ठरेल, कारण कंपनीची दुसरी बाजू पाचेको यांच्या प्रेमापोटी झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. ‘सालसा’ या शब्दाचा मूळ अर्थ चटणी किंवा रस्सा असा आहे. सोन, ग्वाराचा, माम्बो, बोलेरो, प्युर्टो रिकोचा बोम्बा अशा निरनिराळ्या प्रकारांना हे एकच नाव देऊन फानियाने ते जगभर विकले. तितो पुएन्ते यांना हे नाव शेवटपर्यंत रुचले नाही. सालसा ही खायची वस्तू आहे, मी वाजवतो ते क्युबाचे संगीत, असे ते म्हणत. पाचेको यांनीही या संगीताचे मूळ क्युबाचे असल्याचे कधी नाकारले नाही. अडचण वेगळीच होती. १९६२ पासून अमेरिकेने क्युबाशी व्यापार बंद केला, तिथल्या नव्या तबकड्या न्यूयॉर्कला येईनाशा झाल्या, आणि त्यामुळे जुन्या क्युबन रचना नव्याने वाजवून विकायला मैदान मोकळे झाले. अशा कितीतरी गाण्यांपुढे तबकडीवर रचनाकाराचे नाव न छापता ‘डी. आर.’ एवढीच अक्षरे छापली गेली. त्यांचा विस्तार ‘देरेचोस रेसेर्वादोस’, म्हणजे हक्क राखीव. हक्क कोणाचे, कोणासाठी राखले, हे त्या अक्षरांवरून कळत नाही. क्युबातल्या हावानात किंवा मातान्सासमध्ये ज्याने ते गाणे रचले, त्याच्या हाती त्यातले काही पडत नव्हते. ज्या कंपनीचे नावच एका क्युबन रचनाकाराच्या गाण्यावरून पडले, त्या कंपनीच्या तबकड्यांवर हे घडावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

याचे वाईट का वाटते, तेही सांगतो. कॅसेटच्या काळात मी चाल लावलेल्या आठ अभंगांची कॅसेट एका कंपनीने काढली होती. मानधन म्हणून एकरकमी पैसे मिळाले आणि वाटायला वीस कॅसेटी मिळाल्या. तक्रार त्याची नाही. घरी येऊन वेष्टनावरचा कागद उलगडला तर त्यावर ‘संगीत : पारंपरिक’ असे छापले होते. शब्द संतांचे होते, ते पारंपरिकच. पण चाली मी तीन पावसाळे घासून बसवलेल्या होत्या, एका अभंगाचा अंतरा तर आईच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून सुचला होता. कंपनीत जाऊन विचारले तेव्हा उत्तर मिळाले, की अभंग म्हटला की असेच छापतात. त्या चाली आज काही भजनी मंडळे म्हणतात, आणि त्या कोणाच्या हे त्यांना माहीत असण्याचे कारण नाही. ‘डी. आर.’ ही दोन अक्षरे पहिल्यांदा वाचली, तेव्हा मला तो कागद आठवला.

फानियात करार आणि पैशाची बाजू मसुची पाहत, संगीताची बाजू पाचेको पाहत, आणि पुढे मसुची यांनी पाचेको यांचा हिस्सा विकत घेतला, हे खरे आहे. मानधनाच्या थकबाकीवरून गायक-गीतकार रुबेन ब्लादेस यांच्यासारख्या कलावंतांचे कंपनीशी कोर्टकज्जे झाले, तेही हिशेबाच्या बाजूचे. पण कामाची अशी वाटणी पुढे करून पाचेको यांना मोकळे करता येणार नाही. ते स्वतः रचनाकार होते. गाण्याखालच्या नावाची किंमत मसुचींना कळली नसेल तर एक वेळ समजू शकते, पाचेको यांना ती कळतच होती. आलेग्रेकडून बाहेर पडून ज्याने स्वतःची कंपनी काढली, त्याच्या घरात इतरांच्या नावांच्या जागी दोन अक्षरे छापली जावीत, हे मी त्यांच्या खात्यावर टाकतो. आणि हे टाकूनही त्यांच्याविषयीचा माझा आदर कमी होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

आपल्या देशात २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटगीतांचे व ध्वनिमुद्रणांचे गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला वाटा करार करूनही कंपनीला काढून घेता येणार नाही, अशी तरतूद आली. माझ्या आठ अभंगांना तिचा उपयोग नाही, पण माझ्या विद्यार्थ्यांना आहे. मात्र वाटा मागायचा तर आधी नाव कुठेतरी छापलेले असावे लागते.

पाचेको यांचे १५ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यू जर्सीत वयाच्या ८५ व्या वर्षी निधन झाले. त्यांना २००५ मध्ये लॅटिन ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला होता. आता आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. पहिली, पुढच्या रविवारी त्या लेखाला एक लहानशी पुरवणी जोडावी आणि पाचेको यांचा उल्लेख संगीतकार, बासरीवादक, निर्माते आणि फानियाचे सहसंस्थापक असा पूर्ण करावा. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. आपल्या पुरवणीत कोणत्याही भाषेतल्या, कोणत्याही देशातल्या गाण्याविषयी लिहिले जाते तेव्हा गायकाच्या नावासोबत गीतकार आणि संगीतकार यांची नावे छापण्याचा नियम करावा. जागा लागतेच, तर छायाचित्र बोटभर लहान करावे. या लेखापुरती ती ओळ अशी होईल: ‘मी हेन्ते’, गायक हेक्टर लावो, शब्द आणि संगीत जॉनी पाचेको, ‘ला वोस’, फानिया, १९७५.

आपला नम्र,
एक तबलाशिक्षक वाचक, पुणे